मोटरहोमच्या टपावरचा अँटेना

मोटरहोमच्या टपावरचा टीव्ही अँटेना ही अमेरिकेतील प्रवासी जीवनाची जुनी खूण आहे. गाड्यांचे आकार, इंजिने आणि अंतर्गत सजावट कारखानदारांच्या कल्पनेप्रमाणे बदलत गेली; अँटेना मात्र मुख्यतः रेडिओ लहरींच्या सरकारी वाटपाप्रमाणे बदलला. कोणत्या केंद्राला कोणती वारंवारता द्यायची, हे वॉशिंग्टनमधील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, ठरवते. १९५२, २००९ आणि २०१७ ते २०२० या तीन वेळी हे वाटप मोठ्या प्रमाणावर ठरले किंवा बदलले, आणि प्रत्येक वेळी त्याचा परिणाम काही काळाने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम ठोकलेल्या गाडीच्या टपापर्यंत पोहोचला. अँटेना सुधारण्याची गरज कधी, कशी आणि का पडली, हे या क्रमानेच नीट समजते.

चाकांवरचे घर टीव्हीपेक्षा बरेच जुने आहे. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने झोपण्याची सोय असलेली टूरिंग लँडॉ ही मोटार १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांडली होती. १९३० च्या दशकात वॉली बायम यांचे एअरस्ट्रीम हे अ‍ॅल्युमिनियमचे गोलसर ट्रेलर आले. ते मोटारीच्या मागे जोडून ओढायचे. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असलेली, कारखान्यात तयार होणारी गाडी रेमंड फ्रँक यांच्यामुळे रुजली. मिशिगन राज्यातील या गृहस्थांनी १९५८ मध्ये स्वतःच्या कुटुंबासाठी अशी गाडी बांधली आणि १९६१ पासून डॉजच्या चेसीवर तिचे उत्पादन सुरू केले. १९६६ मध्ये आयोवातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबागो कंपनीने स्पर्धकांपेक्षा बरीच स्वस्त मोटरहोम बाजारात आणली. त्यानंतर हे वाहन मध्यमवर्गीय निवृत्त जोडप्यांच्या आवाक्यात आले.

टीव्ही गाडीत शिरायला याच सुमाराचा मुहूर्त लागला. निर्वात नळ्यांचे जुने संच वजनदार होते आणि त्यांना घरगुती वीज लागे. १९५९ मध्ये फिल्को कंपनीचा सफारी हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संच आला. १९६० मध्ये सोनीने आठ इंची पडद्याचा ट्रान्झिस्टर संच काढला. संच बॅटरीवर चालू लागताच रानात उभ्या असलेल्या गाडीतही चित्र दिसण्याची शक्यता निर्माण झाली. वीज सुटली, आता प्रश्न उरला तो लहरी पकडण्याचा, आणि तो विजेच्या प्रश्नापेक्षा कितीतरी अवघड निघाला.

त्याचे मूळ टीव्हीच्या वारंवारतांमध्ये होते. केंद्रांचे प्रक्षेपण एकमेकांत मिसळू लागल्याने एफसीसीने सप्टेंबर १९४८ मध्ये नवे परवाने देणे थांबवले. ही बंदी एप्रिल १९५२ मध्ये उठली, तेव्हा संपूर्ण देशासाठी नवे वाटप जाहीर झाले. २ ते १३ या वाहिन्या व्हीएचएफ पट्ट्यात होत्या: २ ते ६ या ५४ ते ८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान आणि ७ ते १३ या १७४ ते २१६ मेगाहर्ट्झच्या दरम्यान. १४ ते ८३ या सत्तर नव्या वाहिन्यांना यूएचएफ पट्टा मिळाला. तो ४७० मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ८९० मेगाहर्ट्झपर्यंत जाई. सुरुवातीचे बहुतेक संच यूएचएफ घेऊच शकत नसत. म्हणून १९६२ मध्ये संसदेने कायदा केला आणि १९६४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचात दोन्ही पट्टे घेण्याची सोय सक्तीची झाली.

अँटेनाच्या दृष्टीने ही रचना अतिशय गैरसोयीची होती. लहरींच्या लांबीच्या निम्म्या लांबीची दांडी त्या लहरींना उत्तम प्रतिसाद देते. २ क्रमांकाच्या वाहिनीची तरंगलांबी साधारण साडेपाच मीटर असल्याने तिच्यासाठी अडीच मीटरहून लांब दांडी हवी. १३ क्रमांकाच्या वाहिनीला सत्तर सेंटीमीटर पुरतात आणि १४ क्रमांकाला बत्तीस. एकाच अँटेनाने हे सारे सांभाळायचे म्हणजे लहानमोठ्या दांड्यांची लांबलचक उतरंड करावी लागते. १९२६ मध्ये जपानमधील सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी मांडलेला, आडव्या दांड्यांची रांग असलेला अँटेना आणि १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात तयार झालेली लॉग-पीरियॉडिक रचना यांच्या आधारे असे घरगुती अँटेना बनले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर चाळींच्या आणि बंगल्यांच्या गच्च्यांवर उभे राहिलेले अँटेनाही याच यागी कुळातले.

घराच्या गच्चीवर अशी रचना एकदा मनोऱ्याकडे वळवली की वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही. मोटरहोमचे तसे नसते. आज मनोरा उत्तरेला असतो, तर उद्याच्या मुक्कामी आग्नेयेला. महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरचा वारा लांब दांड्या वाकवून टाकतो. आणि पुलाखालून जाताना टपावरचा प्रत्येक सेंटीमीटर मोजून ठेवावा लागतो. गाडीच्या आतला दोन शिंगांचा अँटेनाही फारसा उपयोगी नव्हता. एअरस्ट्रीमसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात लहरी नीट शिरतच नाहीत. साठच्या दशकातील प्रवासी म्हणून स्वतःच खटपट करत: घरगुती अँटेना सुटा करून डिकीत ठेवायचा आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो मागच्या शिडीला बांधलेल्या नळीवर चढवायचा. चपटी दुहेरी वायर खिडकीच्या फटीतून आत घ्यायची. एक जण बाहेर नळी फिरवी आणि दुसरा आतून पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की ओरडून सांगे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातील महाराष्ट्रातील कोणत्याही घराला हे दृश्य परके नाही.

या खटपटीतून सुटका केली ती टपावर कायम बसवलेल्या, आतून वर-खाली करता येणाऱ्या अँटेनाने. या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव विनेगार्ड. आयोवातील बर्लिंग्टन गावची ही कंपनी जॉन विनेगार्ड यांनी १९५४ मध्ये स्थापन केली. तिचा मूळ धंदा घरगुती अँटेनांचा होता. तिचा सेन्सार हा अँटेना मोटरहोमचा जणू नेहमीचा भागच झाला. दोन्ही बाजूंना पसरलेल्या पंखांमुळे लोक त्याला वटवाघळाचे पंख म्हणत. मीटरभराहून थोडा अधिक रुंद, चपटा आणि हलका असा हा अँटेना प्रवासात टपाला चिकटून पडे आणि मुक्कामी उभा राही.

त्याची यंत्रणा साधी आणि टिकाऊ होती. छताला आतून एक हँडल असे. ते फिरवले की दातेरी चक्रे फिरत आणि टपावरचा दांडा आडव्याचा उभा होई. हँडलभोवतीची चकती खाली ओढून फिरवली की अँटेना फिरे. मनोऱ्याची दिशा सापडली की चकती सोडून द्यायची. खाली उतरवण्यापूर्वी चकतीवरचा बाण छतावरच्या खुणेशी जुळवणे आवश्यक असे. नाहीतर पंख एअर कंडिशनरवर किंवा हवा खेळवणाऱ्या झरोक्याच्या झाकणावर आदळत. सर्वांत मोठा धोका विसराळूपणाचा होता. अँटेना उभा ठेवूनच गाडी हाकली गेली की पहिल्या झाडाच्या फांदीला तो अडके, दांडा मोडे आणि टपाला भोक पडून पावसाचे पाणी आत येई. म्हणून स्टीअरिंगला किंवा चावीला लाल पट्टी लटकावण्याची पद्धत पडली. अनुभवी प्रवासी आजही निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून टपाकडे नजर टाकतात. अनेक दशके वापरात राहिलेल्या या उपकरणाला दातेरी चक्रांवर अधूनमधून वंगण आणि दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरी कड्याची तपासणी यापलीकडे फारशी देखभाल लागली नाही, ही गोष्ट त्याच्या रचनाकारांना मोठा मान देणारी आहे.

उंचीचा फायदा कसा होतो, याबद्दल मात्र गैरसमज आहे. रेडिओ लहरी क्षितिजाच्या थोड्या पलीकडे पोहोचतात. ३०० मीटर उंच मनोऱ्याची सरळ पोच सपाट जमिनीवर सुमारे सत्तर किलोमीटर असते आणि ६०० मीटर उंचीचा मनोरा शंभर किलोमीटर गाठतो. नॉर्थ डकोटातील ब्लँचर्ड येथे १९६३ मध्ये उभारलेला केव्हीएलवाय केंद्राचा मनोरा ६२८ मीटर उंच होता. या हिशेबात गाडीवरचा अँटेना साडेतीन मीटरवरून साडेचार मीटरवर नेला, तर पोच जेमतेम एक किलोमीटरने वाढते. खरा लाभ दुसरीकडे आहे. स्वतःच्या टपावरचा एअर कंडिशनर, शेजारच्या गाड्यांचे पत्रे आणि धातूच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या लहरी यांच्यापासून अँटेना वर सुटतो. गाड्या खेटून उभ्या असलेल्या तळावर तेवढ्यानेच चित्र सुधारते.

सेन्सारचे दुसरे बळ त्याच्या डोक्यातील बूस्टरमध्ये होते. मीटरभराचे पंख २ क्रमांकाच्या वाहिनीसाठी फारच आखूड पडतात, त्यामुळे हाती येणारा संदेश क्षीण असतो. तो केबलमधून आत येईपर्यंत आणखी क्षीण होतो आणि मग वाढवला तर त्याच्यासोबत खरखरही वाढते. म्हणून बूस्टर केबलच्या वरच्या टोकाला, थेट अँटेनाशेजारी ठेवलेला असे. त्याला लागणारी बारा व्होल्टची वीज त्याच केबलमधून वर जाई. आत भिंतीवर बटण आणि छोटा दिवा असलेली पट्टी असे. हे बटण चालू असले की अँटेनाचे चित्र येई, आणि बंद केले की तळावरच्या केबल टीव्हीची जोडणी संचाकडे जाई. मोटरहोममधील टीव्हीच्या निम्म्या तक्रारी या एका बटणापाशी सुटतात, असे दुरुस्ती करणारे सांगतात. शहराच्या जवळ, मनोऱ्याच्या पायथ्याशी मात्र हाच बूस्टर घातक ठरे: संदेश आधीच जोरदार असल्याने तो गुदमरे आणि चित्र बिघडे.

फिरवण्याचा त्रास नको असलेल्यांसाठी उडत्या तबकडीच्या आकाराचे, सर्व दिशांनी सारखेच ऐकणारे अँटेना आले. विनेगार्डचा रोडस्टार त्यांतला एक. दिशा शोधावी लागत नाही हा त्यांचा गुण आणि तोच त्यांचा दोषही होता, कारण सर्व दिशांनी ऐकणारा अँटेना डोंगरावर आपटून आलेल्या लहरीही तितक्याच आवडीने घेतो. अ‍ॅनालॉग चित्रात त्यामुळे प्रत्येक माणसामागे त्याची फिकट सावली दिसे.

१९९४ मध्ये डायरेक्टीव्हीची उपग्रह सेवा सुरू झाली आणि अठरा इंची तबकडी लोकप्रिय झाली. अर्धा मीटरहून लहान असलेली ही तबकडी टपावर घुमटाखाली बसवता येई. मोटरच्या साह्याने ती उपग्रह स्वतः शोधे. ऱ्होड आयलंडमधील केव्हीएच कंपनीसारख्यांनी बोटींसाठी विकसित केलेल्या तंत्राने धावत्या गाडीतही उपग्रहाचा माग ठेवता येऊ लागला. पण या सेवेला कायद्याचे कुंपण होते. स्थानिक केंद्रांचे उत्पन्न बुडू नये म्हणून १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय नेटवर्कचे दूरचे प्रक्षेपण उपग्रहावरून देण्याची मुभा केवळ स्थानिक संदेश न पोहोचणाऱ्या घरांपुरती ठेवली होती. मोटरहोमला तर ‘स्थानिक’ असे काहीच नसते. १९९९ च्या दुरुस्तीत हा पेच सोडवला गेला: तबकडी गाडीवर कायमची बसवलेली आहे आणि तिचा वापर घरात होणार नाही, असे लेखी निवेदन आणि वाहन नोंदणीची प्रत दिल्यास मोटरहोमधारकाला आणि मालट्रकचालकाला ही मुभा मिळाली. चाकांवर राहणाऱ्या लोकांची दखल दूरचित्रवाणीच्या कायद्याने स्वतंत्रपणे घेतली, म्हणून ही तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तरीही टपावरचा जुना अँटेना कोणी काढून टाकला नाही. दूरच्या नेटवर्कवर न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या बातम्या लागत, तर ओक्लाहोमा आणि कॅन्ससमध्ये वसंत ऋतूत चक्रीवादळाचे इशारे स्थानिक केंद्रे देत. कोणत्या काउंटीतून वादळ कोणत्या रस्त्याने चालले आहे, हे त्या केंद्रांचे हवामानतज्ज्ञ नकाशावर मिनिटामिनिटाला सांगतात. पायाशिवाय उभ्या असलेल्या, वाऱ्याने उलटू शकणाऱ्या गाडीत झोपलेल्या माणसांसाठी ही माहिती जीव वाचवणारी असते. टपावरच्या अँटेनाचे मोल ठरवताना मालिका आणि फुटबॉलपेक्षा ही गोष्ट आधी मोजायला हवी.

दुसरे मोठे वळण डिजिटल प्रक्षेपणाचे. पूर्ण क्षमतेच्या केंद्रांनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १७ फेब्रुवारी २००९ रोजी बंद करायचे ठरले होते; अनेक घरे तयार नसल्याने संसदेने ती तारीख १२ जूनपर्यंत पुढे ढकलली. जुन्या संचांना जोडायच्या डबीसाठी सरकारने घरटी चाळीस डॉलरची दोन कुपने दिली. मोटरहोममध्ये भिंतीच्या कपाटात घट्ट बसवलेले काचेच्या नळीचे जड संच या निमित्ताने निघाले आणि पातळ पडद्याचे, डिजिटल ट्यूनर असलेले संच आले. ‘डिजिटल अँटेना’ या नावाने नवी उपकरणे विकली जाऊ लागली, पण लहर पकडणाऱ्या धातूला तिच्यावर लादलेला मजकूर अ‍ॅनालॉग आहे की डिजिटल याने काही फरक पडत नाही. जुना सेन्सार डिजिटल प्रक्षेपणही पकडत होता.

मग तो सुधारावा का लागला? याचे उत्तर पुन्हा वाटपात आहे. ५२ ते ६९ या वाहिन्या टीव्हीकडून काढून मोबाइल आणि आणीबाणीच्या सेवांना दिल्या गेल्या आणि बहुतेक केंद्रांनी डिजिटल प्रक्षेपणासाठी उरलेल्या यूएचएफ वाहिन्या निवडल्या. पडद्यावर जुना क्रमांक दिसत राहिला, तरी प्रत्यक्ष लहर वरच्या पट्ट्यात गेली. सेन्सारची घडण मात्र व्हीएचएफचे प्राबल्य असलेल्या काळातली होती. विनेगार्डने यावर विंगमन नावाची लहान जोड काढली. यूएचएफसाठी मापलेल्या आखूड दांड्यांची ही चौकट जुन्या पंखांच्या पुढच्या बाजूला हाताने अडकवायची. दुरुस्तीची बाब म्हणून ती अगदी मामुली होती, पण दूरच्या केंद्रांसाठी तिने फरक पडला. तर किंग कंपनीने जॅक नावाचे संपूर्ण नवे डोके आणले. ते विनेगार्डच्याच जुन्या दांड्यावर खिळी बदलून बसे. स्वतःच्या पायासह मिळणारा जॅक उंच न करताही फिरवता येई, त्यामुळे फांदीत अडकण्याची भीती कमी झाली.

व्हीएचएफ संपले असे समजून ज्यांनी केवळ यूएचएफचे अँटेना लावले त्यांची मात्र निराशा झाली. फिलाडेल्फियाचे डब्ल्यूपीव्हीआय केंद्र १२ जूननंतर ६ क्रमांकाच्या मूळ वाहिनीवर परतले, शिकागोचे डब्ल्यूएलएस ७ क्रमांकावर. दोन्ही शहरांत चित्र येत नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि एफसीसीने केंद्रांना अधिक शक्ती वापरण्याची परवानगी दिली. या अनुभवामुळे मोटरहोमसाठी दोन्ही पट्टे घेणारा अँटेनाच शहाणपणाचा ठरला.

डिजिटलने दिशा शोधण्याची रीतही बदलली. अ‍ॅनालॉग चित्र हळूहळू सुधारत जाई. मुंग्या कमी होत होत माणसे दिसू लागत आणि हात योग्य दिशेने जातो आहे हे कळे. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष असते आणि तिच्याखाली एकदम नाहीसे होते. शिवाय संचाला लहर ओळखायला काही सेकंद लागतात, त्यामुळे चकती भराभर फिरवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून संदेशाची ताकद दिव्यांनी दाखवणारे मापक भिंतीवरच्या पट्टीत आले. प्रत्येक नव्या मुक्कामी संचाकडून वाहिन्यांचा नव्याने शोध करून घेणे हेही नित्याचे झाले.

धावत्या गाडीत डिजिटल टीव्ही अडखळण्याचे कारण मानकाच्या निवडीत आहे. अमेरिकेने ८-व्हीएसबी ही पद्धत स्वीकारली. युरोपने कंपन पावणारी, आपटून येणारी लहर अधिक चांगली सोसणारी सीओएफडीएम निवडली. सिंक्लेअर या प्रक्षेपण कंपनीने १९९९ मध्ये बाल्टिमोरमध्ये दोन्हींची चाचणी घेऊन सीओएफडीएमलाही परवानगी मागितली. २००० च्या आरंभी एफसीसीने ती नाकारली. मागच्या आसनावरच्या मुलांचा टीव्ही त्यामुळे अमेरिकेत रखडला, ही त्या निर्णयाची एक खरी किंमत होती.

अँटेना सुधारण्याचे प्रत्यक्ष काम टपावर चढून करायचे असते आणि त्यात लहरशास्त्रापेक्षा सुतारकाम आणि गळतीची काळजी जास्त. जुना पाया उखडला तर त्याखालचा डिंकासारखा मऊ पट्टा खरवडून नवा घालावा लागतो, स्क्रूंच्या डोक्यांवर आपोआप सपाट पसरणारे सीलंट ओतावे लागते, आणि टप रबरी पापुद्र्याचा असेल तर त्याला चालणारेच रसायन वापरावे लागते. पाणी एकदा लाकडी सांगाड्यात मुरले की दुरुस्तीचा खर्च अँटेनाच्या किमतीच्या अनेक पट होतो. जुनी आरजी-५९ केबल काढून आरजी-६ घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु दहा मीटरच्या गाडीत या बदलाने मिळणारा लाभ थोडाच असतो. गंजलेले टोक, सैल बसलेला जोड किंवा दुसऱ्या टीव्हीसाठी मध्ये घातलेला विभाजक यांत कितीतरी अधिक संदेश वाया जातो. केबल भिंतीच्या आत खिळलेली असेल तर ती फोडण्यापेक्षा दोन्ही टोके नव्याने बांधणे हेच योग्य.

तिसरे वळण लिलावाचे. मोबाइल कंपन्यांना आणखी लहरी हव्या होत्या, म्हणून एफसीसीने टीव्ही केंद्रांकडून त्या स्वेच्छेने विकत घेऊन पुन्हा विकल्या. २०१७ मध्ये संपलेल्या या लिलावात ८४ मेगाहर्ट्झचा पट्टा टीव्हीच्या हातून गेला. ३८ ते ५१ या वाहिन्या रद्द झाल्या. ३७ क्रमांक रेडिओ खगोलशास्त्रासाठी पूर्वीपासून राखीव होता. जवळजवळ एक हजार केंद्रे टप्प्याटप्प्याने नव्या जागी गेली आणि हे स्थलांतर जुलै २०२० मध्ये पूर्ण झाले. यूएचएफ टीव्ही आता ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झ इतकाच उरला. जुन्या बूस्टरना मात्र याची वार्ता नव्हती; ते टीव्हीच्या रिकाम्या झालेल्या जागेत आलेले मोबाइल मनोऱ्यांचे संदेशही वाढवू लागले आणि टीव्हीचे चित्र तुटू लागले. त्यामुळे नव्या अँटेनांत ६०८ मेगाहर्ट्झच्या वरचे संदेश अडवणारी चाळणी बसवली जाऊ लागली.

ब्रिटनचा इतिहास या वाटपाच्या प्रभावाला दुजोरा देतो. तेथील व्हीएचएफ टीव्ही जानेवारी १९८५ मध्ये बंद झाला आणि सारे प्रक्षेपण यूएचएफवर आले. त्यामुळे ब्रिटिश कॅरव्हॅनवरचा अँटेना अमेरिकी पंखांच्या मानाने आधीपासूनच लहान राहिला. तेथे अडचण निराळी होती: मोठी केंद्रे आडव्या ध्रुवणाने प्रक्षेपण करतात आणि डोंगराआडच्या गावांसाठीची अनेक लहान केंद्रे उभ्या, म्हणून अँटेना वळवण्याबरोबरच कुशीवर कलता येणे आवश्यक ठरले. अ‍ॅनालॉग बंद होण्याची प्रक्रिया तेथे ऑक्टोबर २०१२ मध्ये संपली.

भारतात मोटरहोमची चाल उशिरा आली. महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये जाहीर केले, आणि त्याच सुमारास दूरदर्शनची अ‍ॅनालॉग भूकेंद्रे झपाट्याने बंद होत होती. २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता ती थांबली. त्यामुळे कोकणात किंवा सह्याद्रीत मुक्काम करणाऱ्या गाडीला यागी अँटेनाचा काही उपयोग उरला नाही. तिला तबकडीच लागते. भूगोल येथे मदतीला येतो. डीडी फ्री डिशचा उपग्रह पुण्याहून क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास उंच दिसतो, तर अमेरिकेत मोंटाना राज्यातून डायरेक्टीव्हीचा उपग्रह पस्तीस-चाळीस अंशांवरच असतो. तिकडे उंच सूचिपर्णी झाडे तबकडीच्या आड येतात. इकडे आमराईतही थोडी मोकळी जागा पाहून गाडी लावली की पुरते.

अलीकडच्या अमेरिकी गाड्यांत वर-खाली होणारा दांडा कमी होत चालला आहे. त्याच्या जागी विनेगार्डच्या एअर ३६० सारखा गोल, न हलणारा घुमट बसतो. त्यात सर्व दिशांचा टीव्ही, एफएम रेडिओ आणि इंटरनेटच्या जोडण्या एकत्र असतात. कारखान्याला तो सोयीचा, कारण बसवायला वेळ कमी लागतो आणि फांदीत अडकत नाही. दूरच्या ग्रामीण मुक्कामी मात्र दिशा धरणारा जुना अँटेनाच अधिक केंद्रे आणतो, आणि रानात दीर्घकाळ राहणारे लोक तो सोडायला तयार नसतात. मे २०२२ पासून स्टारलिंकने मोटरहोमसाठी उपग्रह इंटरनेट देऊ केल्यावर अनेकांचे टीव्ही पाहणे त्या वाटेने गेले. त्यासाठी मासिक शुल्क आणि बॅटरीतील बरीच वीज खर्च होते. हवेतून येणारा टीव्ही विनामूल्य असतो आणि त्याचा बूस्टर अगदी थोड्या विजेवर चालतो.

एटीएससी ३.० या नव्या मानकाला एफसीसीने नोव्हेंबर २०१७ मध्ये परवानगी दिली आणि केंद्रे ते स्वेच्छेने स्वीकारत आहेत. त्यात १९९९ च्या वादातील सीओएफडीएमच्या जातीची पद्धत वापरली आहे, त्यामुळे आपटून आलेल्या लहरींचा त्रास कमी होतो आणि धावत्या गाडीतही चित्र टिकू शकते. वाहिनीची रुंदी पूर्वीसारखीच सहा मेगाहर्ट्झ आहे आणि वारंवारताही त्याच आहेत. म्हणून मोटरहोमधारकाला यासाठी टपावर काही बदलावे लागत नाही. नवा ट्यूनर असलेला संच किंवा जोडडबी आत बसवली की काम होते.